थोरलीचा नंबर

घरात भावंडं दोनच. ती थोरली आणि तो धाकटा. आईनं दोघांची नावं हौसेनं ठेवली होती, पण ती शाळेच्या दाखल्याबाहेर कधी आली नाहीत. पुढे थोरली इस्पितळाच्या लॉन्ड्रीत कामाला लागली, तेव्हा आई एकदा विसरलेला डबा घेऊन आली आणि दारातूनच हाक मारून गेली. त्या दिवसापासून तिथल्या बायकांचीही ती थोरलीच झाली.

लॉन्ड्री तळघरात होती. वरच्या वॉर्डांच्या चादरी, अभ्रे, ऑपरेशनचे हिरवे कपडे ढकलगाड्यांतून खाली यायचे आणि धुऊन, पिळून, वाफेच्या दोन रोलरांमधून जायचे. रोलरच्या एका अंगाला दोघींनी ओली चादर ताणून आत सोडायची, दुसऱ्या अंगाला दोघींनी ती कढत कढत झेलून घडी घालायची. थोरली झेलणाऱ्यांतली. झेलून झेलून तिच्या बोटांची टोकं इतकी गुळगुळीत झाली होती, की मोबाइलच्या पडद्यावर बोट टेकवलं तरी पुष्कळदा तो दाद द्यायचा नाही.

तो मोबाइल घेतला तेव्हा धाकटा बरोबर होता. तो नळजोडणीची कामं करायचा. दुकानदारानं चार-पाच नंबर पुढे ठेवले. थोरली म्हणाली, कुठलाही द्या. धाकट्यानं मात्र एकावर बोट ठेवलं. ३८१६५४७२९०.

"हा घे, ताई. यात शून्यापासून नवापर्यंत सगळे आलेत. एकेकदाच. कुणी दोनदा नाही, कुणी राहिलं नाही."

"त्यानं काय होतं?"

"पाठ राहतो. म्हणताना कुणी गळलं तर लगेच कळतं."

घरी येईपर्यंत त्यानं तो पाठ केला. दोन्ही हातांची बोटं एकेक मिटत म्हणायचा, आणि दहावं बोट मिटलं की दोन्ही मुठी तिच्यापुढे धरायचा. थोरलीला स्वतःचा नंबर पाठ व्हायला महिना लागला.

धाकट्याचं बिनसलं ते त्यानंतर चार-पाच वर्षांनी. आधी तो म्हणायचा, पाइपांतून कुणीतरी बोलतं. नळाचं काम करणारा माणूस असं बोलला की ऐकणाऱ्याला गंमत वाटते. थोरलीलाही वाटली. मग तो इमारतींच्या लिफ्टमध्ये जाईना, कारण तिथली यंत्रातली बाई मजल्यांचे आकडे सांगता सांगता त्याच्याबद्दल काहीतरी सांगते, असं त्याला वाटायचं. तेव्हा गंमत संपली. थोरलीनं त्याला आपल्याच इस्पितळात डॉक्टरांना दाखवलं. गोळ्यांनी तो निवळला, झोपायला लागला, कामावर जायला लागला. बरं वाटतंय म्हणून त्यानं गोळ्या सोडल्या. आणि एक दिवस हत्यारांची पिशवी खांद्याला लावून कामाला म्हणून बाहेर पडला, तो परत आला नाही. त्याचा मोबाइल आईला पाण्याच्या पिंपात तळाशी सापडला.

थोरली पोलिसांत गेली. पण आठवड्याच्या आत त्याचा फोन आला, कुणाच्या तरी मोबाइलवरून. "ताई, मी आहे. आईला सांग." एवढंच. हे तिनं प्रामाणिकपणे पोलिसांना सांगितलं, आणि तिथला हवालदार म्हणाला, "फोन करतो ना? मग हरवला कसा? मोठा माणूस आहे, येईल."

तो आला नाही, पण त्याचे फोन येत राहिले. कधी दोन महिन्यांनी, कधी चार. कधी एखाद्या दुकानातून, कधी रस्त्यात भेटलेल्या माणसाचा मोबाइल मागून. दरवेळी नंबर अनोळखी. "कुठे आहेस?" म्हटलं की तो ठेवून द्यायचा, म्हणून तिनं विचारणं सोडलं. ती आपली काहीबाही सांगत राहायची. शेजारच्यांच्या मांजरीला पिल्लं झाली. खिडकीला नवा पडदा लावला. आईचा चष्मा बदलला. पलीकडे तो ऐकत असायचा. मग ज्याचा फोन असेल तो घाई करायचा आणि बोलणं तुटायचं. पुढचा फोन येईपर्यंत थोरलीचा आणि आईचा जीव टांगणीला. म्हणून एक गोष्ट ती डोळ्यांत तेल घालून पाळायची. अनोळखी नंबर वाजला की हातातलं टाकून उचलायचा.

आणि नेमके अनोळखी नंबरच वाजायला लागले.

शाळांचं नवं वर्ष सुरू होऊन थोडे दिवस झाले होते. दुपारी फोन आला. थोरलीनं हातातली चादर सोडून तो कानाला लावला, तर पलीकडे दोन-तीन पोरी. "अगं लागला, खरंच लागला," असं म्हणून खिदळल्या आणि फोन बंद. संध्याकाळी पुन्हा तसाच एक. दुसऱ्या दिवशी पाच. आठवड्याभरात थोरलीच्या नाकी नऊ आले. कुणी हसायचं, कुणी नुसतंच श्वास घेत राहायचं, कुणी "तुम्ही कोण?" असं तिलाच विचारायचं. दरवेळी तिला धाकटाच वाटायचा, आणि आवाज ऐकला की ती फोन ठेवून पुन्हा चादर उचलायची.

शेवटी एका मुलीनं नीट सांगितलं. तिचा आवाज शहाणा होता. "काकू, आमच्या गणिताच्या नव्या पुस्तकात विभाज्यतेच्या धड्याखाली एक कोडं आहे. शून्य ते नऊ हे दहा अंक एकेकदाच वापरून अशी संख्या करा, की पहिल्या दोन अंकांच्या संख्येला दोनानं भाग जाईल, पहिल्या तिनांच्या संख्येला तिनानं, चारांच्या संख्येला चारानं, असं करत सगळ्या दहांच्या संख्येला दहानं. त्याचं उत्तर तुमचा नंबर आहे."

"माझा नंबर पुस्तकात छापलाय?"

"छापलेला नाही. काढावा लागतो. दहा आकडी आला म्हणून आम्ही लावून पाहिला."

थोरलीला ते खरं वाटेना. जेवणाच्या सुट्टीत ती लॉन्ड्रीच्या मागच्या पायऱ्यांवर बसली आणि मोबाइलवरच भागाकार करायला लागली. अडतीस भागिले दोन, एकोणीस. तीनशे एक्क्याऐंशी भागिले तीन, एकशे सत्तावीस. तीन हजार आठशे सोळा भागिले चार, नऊशे चौपन्न. पाचाला काय, शेवटी पाच होताच. सहालाही गेला. साताला तरी अडेल असं तिला वाटलं. अडतीस लाख सोळा हजार पाचशे सत्तेचाळीस. पडद्यावर आलं, पाच लाख पंचेचाळीस हजार दोनशे एकवीस, आणि पुढे टिंब नाही की काही नाही. आठ गेला, नऊ गेला. दहाचा तिनं केलाच नाही. बोटांना पडदा दाद देत नव्हता, तरी तेवढ्या वेळात एकही आकडा चुकला नव्हता. तिला वाटलं होतं कुणी खोडी काढतंय. ते तसं असतं तर भांडता तरी आलं असतं.

भांडायला नव्हे, पण विचारायला ती पुस्तक ज्या कचेरीत तयार झालं तिथे गेली. कोडं घालणारे सर मवाळ होते, कानाला ऐकण्याचं यंत्र लावलेले. आधी ते ऐकून खूश झाले. मुलं उत्तर काढतायत, याचंच त्यांना अप्रूप. मग थोरलीचा चेहरा त्यांच्या लक्षात आला आणि त्यांनी तिला खुर्ची दिली.

"सर, ते उत्तर बदला," ती म्हणाली. "दुसरा एखादा आकडा घ्या."

"दुसरा नाहीच आहे, बाई. दाखवतो." त्यांनी एक कोरा कागद ओढला. "दहानं भाग जायचा म्हणजे शेवटी शून्यच हवं. पाचानं जायचा म्हणजे पाचवा अंक शून्य किंवा पाच. शून्य तर शेवटी बसलं, म्हणून पाच. दुसरी, चौथी, सहावी, आठवी जागा सम अंकांची, म्हणजे उरलेल्या विषमांच्या." त्यांची पेन्सिल भराभर चालत होती. "हे दहा अंक कसेही मांडले तर छत्तीस लाखांवर प्रकार होतात. पण सात सोडून बाकी सगळ्यांचे नियम लावले, की या एवढ्या दहा संख्या शिल्लक राहतात. आता सात लावा."

त्यांनी एकेक संख्या भागून बघितली आणि एकेकीवर काट मारली. नऊ जणींवर काट मारून झाली. थोरलीचा नंबर तेवढा कागदावर राहिला.

"ही मी बनवली नाही," सर म्हणाले. "माझ्या आधीही ती होतीच. मी फक्त विचारलं." मग जरा थांबून, "पण तुम्ही नंबर का बदलत नाही?"

थोरलीनं धाकट्याचं सांगितलं. सरांनी कानातलं यंत्र काढून पुसलं, परत लावलं. पुस्तक छापून गावोगावच्या शाळांत गेलं होतं आणि निदान पाच वर्षं तेच चालणार होतं. तरी त्यांनी मनावर घेतलं आणि सगळ्या शाळांना सूचना धाडली, की या कोड्याचं उत्तर हा एका कुटुंबाचा दूरध्वनी क्रमांक आहे, तरी मुलांनी तो लावू नये. ज्या शाळांत कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं, तिथेही मुलांनी मग तो लावला.

फोन कंपनीच्या काउंटरवरची मुलगी तत्पर होती. "नवा नंबर आत्ता देते, ताई." नवा नको म्हटल्यावर तिनं दुसरा उपाय सांगितला. फोन लागला की यंत्रातला आवाज आधी बोलेल, घरच्यांनी अमुक बटण दाबा म्हणून सांगेल. मुलं कंटाळून ठेवून देतील. थोरलीला लिफ्टमधली बाई आठवली. यंत्रातला आवाज ऐकला की धाकटा पुन्हा म्हणून या नंबरला फोन करायचा नाही. ती नको म्हणाली. त्या मुलीनं दोन्ही हात उलटे करून दाखवले आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

इकडे लॉन्ड्रीतली मुकादमबाई वैतागली होती. रोलरवरून येणारी चादर झेलायला एक हात कमी पडला की ती जमिनीवर पडते, आणि पडलेली चादर पुन्हा धुवावी लागते. "एकतर फोन घरी ठेव, नाहीतर तू घरी राहा," असं तिनं तोंडावर सांगितलं. थोरलीनं फोन घरी आईपाशी ठेवला.

आईला तो जाच वाटलाच नाही. ती दिवसभर एकटी असायची. पोरांचे फोन यायला लागले तशी तिला माणसं मिळाली. कोण कुठल्या गावचा, घरी कोण कोण, भागाकार कुणी शिकवला, सगळं विचारायची. थोरली संध्याकाळी आली की कौतुकानं सांगायची, "अगं, आज एकाचा आला, त्याला वडील नाहीत. बराच वेळ बोलला बिचारा." थोरली म्हणायची, "आई, लवकर ठेवत जा गं. धाकट्याचा यायचा." आई म्हणायची, "ठेवते की."

एकदा अशीच ती कामावरून आली आणि सवयीनं फोन पाहिला. एकाच नंबरावरून तीन फोन येऊन गेले होते, लागोपाठ, दुपारी. त्या वेळी आई एका मुलीशी बोलत होती. तिला मधे काहीतरी टूक टूक वाजल्याचं आठवत होतं. थोरलीनं उभ्या उभ्या त्या नंबराला फोन लावला. एका गॅरेजवाल्यानं उचलला.

"हो, आला होता एक जण," तो म्हणाला. "दाढी वाढलेली, खांद्याला पिशवी. फोन मागितला, मी दिला. बोटं मोजून मोजून नंबर लावला. तीनदा लावला. मग म्हणाला, तिकडे कुणीतरी बोलतंय."

"फोन एंगेज होता हो, दादा."

"तेच मी म्हटलं त्याला. पण त्याला पटेना. माझ्याच नंबरावर हे कोण कोण बोलतात, म्हणाला. मी म्हटलं बस, पाणी पी, थोड्या वेळानं लाव. नाही बसला."

आई ऐकत होती. आईनं नंतर पुष्कळ दिवस फोनला हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून थोरली बसनं तिथे गेली. गाव लांबचं. गॅरेज एका फाट्यावर होतं. बाहेर जुन्या टायरांचा ढीग, पंक्चर पाहायला पाण्याचा टब, आणि एक बाक. धाकटा त्या बाकापाशी उभा होता म्हणे. थोरलीनं विचारलं, कुठल्या रस्त्यानं गेला? गॅरेजवाल्यानं एका रस्त्याकडे बोट दाखवलं, मग विचार करून दुसऱ्याकडेही दाखवलं. "गिऱ्हाईक आलं होतं, नीट पाहिलं नाही." ती आधी एका रस्त्यानं दुकानादुकानांत विचारत गेली, मग परत येऊन दुसऱ्या रस्त्यानं. कुणी पाहिलं नव्हतं. शेवटची बस चुकेल म्हणून गॅरेजवाल्यानंच तिला हाक मारून थांबवलं. त्यानं फोन दिल्याचे आभार मानायचं तिच्या मनात होतं, ते राहूनच गेलं.

हे सगळं लॉन्ड्रीत कळलं. तिसऱ्या दिवशी मुकादमबाईनं घडीच्या टेबलावरच्या फळीवर एक जागा रिकामी केली. "फोन इथे ठेव. जिचा हात मोकळा असेल ती उचलेल. पोर असलं तर दोन शब्दांत कटवायचं. गडी माणूस असला तर थोरलीच्या हातात द्यायचा."

दोन शब्द आपोआप ठरले. पलीकडून खिदळणं ऐकू आलं की म्हणायचं, "बरोबर आहे. ठेव." पोरं हिरमुसायची, पण ठेवायची. लाइन लगेच मोकळी व्हायची. सगळ्या बायकांना ते इतकं अंगवळणी पडलं की एकीनं एकदा आपल्या नवऱ्यालाही तसंच म्हटलं. मुकादमबाई सर्वांत खणखणीत म्हणायची. एकदा तिनं विचारलं, "का गं, ज्यांचं उत्तर चुकतं, ते कुणाला फोन लावत असतील?" सगळ्या हसल्या. थोरलीही हसली, बऱ्याच दिवसांनी.

पण झालं असं, की पोरांत बातमी पसरली. त्या नंबरावर एक बाई आहे, ती उत्तर तपासून देते. आधी जे गंमत म्हणून लावायचे, ते आता शहानिशा करायला लावू लागले. परीक्षेच्या आधी तर फोन खाली ठेवायची सोय राहायची नाही. थोरलीनं हात टेकले. तिनं जे जे केलं त्यानं फोन वाढतच गेले होते, आणि काही न करून कमी झाले असते असंही नव्हतं.

धाकट्याचा मात्र एकही आला नाही. गॅरेजनंतर एक उन्हाळा गेला, पावसाळा गेला, थंडी गेली. आई आता खिडकीपाशी बसून असायची, पण बाहेर बघायची असं नाही. तो आहे की नाही, हा प्रश्न दोघींनी एकमेकींना कधी विचारला नाही. जेवताना ताटं मात्र दोनच घेतली जाऊ लागली. आधी तिसरं नुसतं काढून ठेवलेलं असायचं.

मग एका सकाळी, रोलर पूर्ण वाफेवर असताना, फोन वाजला. हात थोरलीचाच मोकळा होता. पलीकडे पुरुषाचा आवाज, पण धाकट्याचा नव्हे. "नमस्कार, तो ३८१६..." तो नंबर म्हणायला लागला. शिक्षकही कधीमधी फोन करायचे. थोरली म्हणाली, "बरोबर आहे. ठेवा," आणि बंद केला.

पुन्हा वाजला. "बाई, मी उत्तर विचारायला..." मशीनच्या आवाजात पुढचं ऐकू आलं नाही. "बरोबर आहे म्हटलं ना," असं म्हणून तिनं पुन्हा बंद केला.

तिसऱ्यांदा तो माणूस घाईघाईनं आधीच बोलला. "तुमच्या घरातलं कुणी हरवलंय का?"

रोलरमधून आलेली चादर कुणी झेलली नाही. ती जमिनीवर घसरली, तिच्यावर दुसरी. मुकादमबाईनं मशीन बंद केलं.

तो एका निवाऱ्याचा व्यवस्थापक होता. रस्त्यावर सापडलेल्या, भान हरवलेल्या माणसांना तिथे ठेवून घेत, औषधपाणी करत. बस स्टँडवर तापानं पडलेला एक माणूस पोलिसांनी त्यांच्याकडे आणून सोडला होता. नाव सांगेना, गाव सांगेना. घरी कोण आहे विचारलं की बोटं मिटत दहा आकडे सांगायचा.

दुसऱ्या दिवशी थोरली आणि आई तिथे पोचल्या, तेव्हा व्यवस्थापकानं त्यांना आधी आपल्या खोलीत बसवलं. त्याच्यानं वर बघवत नव्हतं.

"केव्हापासून आहे तो इथे?" थोरलीनं विचारलं.

"गेल्या पावसाळ्यापासून."

"मग तेव्हाच फोन का नाही लावला?"

"माझी मुलगी शाळेत जाते," तो म्हणाला. "तिच्या पुस्तकातलं ते कोडं आम्ही घरी मिळून सोडवलं होतं. त्यानं आकडे सांगितले ते मी लगेच ओळखले. मला वाटलं हा गणिताचा शिक्षक असणार, ते कोडं डोक्यात अडकलंय. सगळ्यांना तसंच वाटलं. आम्ही त्याला मास्तर म्हणतो. कागदावरही तसंच लिहिलंय. गणिताची पुस्तकं आणून दिली, बरं वाटेल म्हणून." त्यानं टेबलावरची वस्तू उगाच इकडची तिकडे केली. "परवा जेवताना मुलगी म्हणाली, मैत्रिणींनी तो नंबर लावला, तिथे एक बाई उचलते आणि बरोबर आहे म्हणून ठेवून देते. तेव्हा माझ्या लक्षात आलं. आम्हाला उत्तर माहीत होतं हो, म्हणून लावून पाहिलंच नाही."

थोरलीला त्याचा राग यायला हवा होता. तो येईना. तिला कचेरीतले सर आठवले, काउंटरवरची मुलगी आठवली, आणि त्यांच्यासारखाच भलं करायला गेलेला हा एक माणूस.

धाकटा मागच्या व्हरांड्यात होता. केस बारीक कापलेले, अंगात स्वच्छ निळा सदरा, पण तो त्याच्या मापाचा नव्हता. मांडीवर एक जाड गणिताचं पुस्तक उघडं. त्यानं दोघींना ओळखलं. आई त्याच्याजवळ बसली आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. तिला रडायचंही सुचेना.

"ताई, मी रोज सांगत होतो," तो म्हणाला.

"कळलं रे मला."

"एकही आकडा चुकलो नाही. सगळे दहा सांगायचो."

"हो रे."

"ते म्हणायचे, बरोबर आहे. आणि पुढे जायचे."

थोरली त्याच्या शेजारी खाली बसली. व्यवस्थापक दारापर्यंत आला होता, तो आल्यापावली परत फिरला.

तिला वाटलं होतं आज त्याला घरी न्यायचं. तिनं त्याचे कपडेही पिशवीतून आणले होते. पण घर म्हटल्यावर धाकटा उठून उभा राहिला. तिथे फार माणसं बोलतात, तो म्हणाला. थोरलीनं समजावलं, ती पोरं होती, पुस्तकातल्या कोड्यामुळे फोन करायची. त्यानं मान डोलावली, ऐकून घेतलं, आणि तरी म्हणाला, "तिथे नको." जबरदस्तीनं नेलं तर तो पुन्हा निघून जाईल, असं निवाऱ्यातले डॉक्टर म्हणाले. इथे त्याच्या गोळ्या वेळेवर होतात, झोप लागते. सध्या राहू द्या, मग बघू. मग म्हणजे कधी, ते त्यांनाही सांगता येईना. कपड्यांची पिशवी तिथेच ठेवून दोघी परत आल्या. बसमध्ये आई खिडकीकडे बसली होती. अर्ध्या वाटेत ती म्हणाली, "बारीक झालाय, पण आहे." थोरली म्हणाली, "आहे."

कागदावरचा गणित शिक्षक खोडून नळजोडणी कामगार लिहायला तिनं व्यवस्थापकाला सांगितलं होतं. तो खोडला गेला, पण मास्तर हे नाव काही सुटलं नाही. तिथल्या बाकीच्या माणसांना ते आवडलं होतं.

नंबर बदलावा का, असं मुकादमबाईनं एकदा विचारलं. आता धाकटा कुठे आहे ते माहीत होतं, व्यवस्थापकाकडे दुसरा नंबर देऊन ठेवता आला असता. थोरलीनं ते धाकट्याला विचारून पाहिलं. तो दिवसभर जेवला नाही. मग तिनं तो विषय काढला नाही. पुस्तक अजून शाळांत आहे, पोरं दरवर्षी नवी येतात, फोन वाजतो. बायका सांगायचं ते सांगतात.

सुट्टीच्या दिवशी थोरली निवाऱ्यावर जाते. कधी तो बोलतो. तिथल्या पाण्याच्या टाकीची जोडणी कशी चुकीची आहे ते समजावून सांगतो, आणि ती खरंच चुकीची आहे असं व्यवस्थापकही म्हणतो. कधी तो ती असेपर्यंत पाठमोरा बसून राहतो, आणि असं का, हे डॉक्टरांनाही नेमकं सांगता येत नाही. मागच्या खेपेला तो पाठमोरा होता. आईचे गुडघे धरले होते, म्हणून थोरली एकटीच गेली होती. ती त्याच्या मागे बाकावर बसली. शेजारच्यांनी घर बदललं ते सांगितलं, लॉन्ड्रीत नवा रोलर आलाय ते सांगितलं. तो हलला नाही. भेटायची वेळ संपली तशी ती उठली, त्याच्या खांद्याला हात लावला, आणि बस पकडायला निघाली.